एक मेचा निकाल : हिंगोली जिल्ह्यातील प्राथमिक शाळांची वाटचाल

१ मे ही तारीख आपल्या जिल्ह्यातल्या प्राथमिक शाळांच्या इतिहासात पुन्हा पुन्हा येते. १९६० साली या दिवशी महाराष्ट्र राज्य झाले. १९६२ साली याच दिवशी जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या आणि खेड्यातली सरकारी शाळा ‘झेडपीची शाळा’ झाली. १९९९ साली परभणीतून वेगळा निघून हिंगोली जिल्हा झाला, तोही १ मेलाच. आणि दरवर्षी १ मेच्या सकाळी झेंडावंदन आटोपले की मुलांच्या हातात प्रगतिपत्रक पडते. ‘पास झालो’ म्हणत धूम ठोकणाऱ्या पोराला राज्य, परिषद, जिल्हा यांतले काही ठाऊक नसते. त्याच्या लेखी तो निकालाचा दिवस.

जिल्ह्याने पंचविशी ओलांडली. त्यानिमित्त शाळांचा इतिहास लिहायचा म्हटले की खोल्या कधी बांधल्या, उद्घाटनाला कोण आले, अध्यक्ष-सभापती कोण होते, याच नोंदी आधी हाताशी येतात. त्या महत्त्वाच्या आहेत आणि कार्यालयाच्या दप्तरात त्या सुरक्षितही आहेत. या स्मरणिकेतल्या लेखात मला वर्गाच्या फरशीवर काय घडले ते सांगायचे आहे. हिंगोली, कळमनुरी, वसमत, सेनगाव आणि औंढा नागनाथ या पाच तालुक्यांत २०११ च्या जनगणनेत पावणेबारा लाखांच्या आसपास माणसे मोजली गेली आणि त्यांतली शेकडा पंच्याऐंशीच्या घरातली खेड्यात राहणारी होती. या खेड्यांतल्या कितीतरी घरांत वाचायला शिकलेले पहिले माणूस म्हणजे जिल्हा परिषदेच्या शाळेत जाणारे लेकरू. घरी अभ्यास घ्यायला कोणी नाही, अडले तर विचारायला कोणी नाही. जे काही शिकायचे ते शाळेच्या वेळेत, गुरुजी आणि बाई यांच्यासमोर. ही गोष्ट लक्षात ठेवली तरच या शाळांचे यश नीट मोजता येते.

जुन्या शाळांच्या कपाटात दाखल-खारीज रजिस्टर असते. २०२३ च्या सप्टेंबरात निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि कुणबी नोंदी शोधण्यासाठी मराठवाड्यातल्या शाळांची ही रजिस्टरे बाहेर निघाली, तेव्हा अनेकांनी ती पहिल्यांदा पाहिली. काही पाने उर्दूत, काही मोडीत. वाचायला जाणकार शोधावे लागले. निजामाच्या राज्यात प्राथमिक शाळेला मदरसा तहतानिया म्हणत, तिच्या पुढची वस्तानिया आणि माध्यमिक ती फौकानिया. सुरुवातीचे वर्ग मराठीतून होत, पण पुढे शिकायचे तर उर्दूला पर्याय नव्हता. १९१८ साली हैदराबादेत उस्मानिया विद्यापीठ निघाले तेही उर्दू माध्यमाचेच. पैनगंगा ओलांडून पुसद-वाशिमकडे गेले की वऱ्हाड लागे, तिथे मराठी शाळा आधीपासून होत्या. नदीच्या अलीकडच्या पोरांच्या नशिबी मात्र वेगळी व्यवस्था आली. खासगी शाळा काढायची तर सरकारची परवानगी आधी घ्यावी लागे. अशाही काळात हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा आणि अंबाजोगाईची योगेश्वरी उभी राहिली. स्वामी रामानंद तीर्थ या दोन्ही ठिकाणी शिक्षक होते. मराठवाड्याचा मुक्तिसंग्राम शाळेच्या वर्गातून वाढला, असे म्हणताना मला अतिशयोक्ती वाटत नाही. आजही आपल्या शाळांत १५ ऑगस्ट आणि २६ जानेवारीइतक्याच उत्साहाने १७ सप्टेंबरला झेंडा चढतो आणि चौथीतली मुलगी १९४८ च्या मुक्तीवरचे भाषण पाठ करून येते.

त्याच रजिस्टरांत आणखी एक गोष्ट दिसते. जन्मतारखेच्या रकान्यात ओळीने १ जून, १ जून, १ जून. आई सांगे, ‘पोळ्याच्या आदल्या दिवशी झाला’ किंवा ‘त्या साली लई पाऊस होता’. एवढ्यावरून गुरुजी वय अदमासत आणि शाळा जूनमध्ये उघडते म्हणून १ जून लिहून टाकत. आज साठी-सत्तरीत असलेल्या हजारो लोकांचा सरकारी वाढदिवस शाळेने ठरवला. याची गंमत पुष्कळ जण सांगतात. मला त्यात गुरुजींची धडपड दिसते. तारीख नाही म्हणून त्यांनी पोर परत पाठवले नाही, आधी नाव घालून घेतले.

स्वातंत्र्यानंतरची पहिली पंधरा-वीस वर्षे एकशिक्षकी शाळांची. मारुतीच्या देवळात, चावडीत, कुणाच्या तरी वाड्याच्या ओसरीवर चारही वर्ग एकत्र बसत. पाटी-पेन्सिल, उजळणी, पाढे, बाराखडी, शुद्धलेखन. पावकी, निमकी, पाऊणकी तोंडपाठ. या घोकंपट्टीला पुढे फार नावे ठेवली गेली आणि त्यातली बरीच रास्त होती. पण एक माणूस चार वर्ग सांभाळतो तेव्हा दुसरीची पोरे पाढे म्हणत असताना चौथीला गणित समजावता येते, ही सोय त्या पद्धतीत होती. शिवाय तेव्हाची पाऊणकी पाठ असलेला माणूस आजही मोंढ्यात हळदीचा हिशेब कागदाविना करतो. त्या काळातल्या गुरुजींना नावे ठेवण्याआधी त्यांच्यासमोर किती पोरे होती आणि हाताशी किती साधने होती, ते पाहायला हवे.

१९६२ नंतर शिक्षक परभणी जिल्हा परिषदेचे झाले, पंचायत समितीचे विस्तार अधिकारी शाळा तपासू लागले, खोल्या बांधल्या जाऊ लागल्या. १९६७ च्या जानेवारीत बालभारती स्थापन झाली आणि राज्यभर एकसारखी, चित्रांची पुस्तके आली. १९७२ च्या दुष्काळात आई-बापामागे पोरेही खडी फोडायच्या कामावर गेली आणि सुकडीच्या आशेने तिथेच थांबली. त्या दोन वर्षांत शाळेपासून तुटलेली कित्येक मुले परत आलीच नाहीत. १९८७ च्या खडू-फळा मोहिमेने किमान दोन खोल्या, दोन शिक्षक आणि त्यांतली शक्यतो एक बाई, असा नियम घातला. साहित्याच्या पेट्याही आल्या. पृथ्वीगोल, नकाशे, विज्ञानपेटी, ढोलकी, खंजिरी. खराब झाले तर भरून द्यावे लागेल या धास्तीने पुष्कळ ठिकाणी त्या कपाटातच राहिल्या. मुलांनी पृथ्वीगोल पाहिला तो कपाटाच्या काचेतून.

वर्ग खऱ्या अर्थाने बदलला तो १९९४ नंतर. जिल्हा प्राथमिक शिक्षण कार्यक्रम महाराष्ट्रात ज्या पहिल्या पाच जिल्ह्यांत सुरू झाला ते पाचही मराठवाड्यातले : औरंगाबाद, लातूर, नांदेड, उस्मानाबाद आणि परभणी. आपले तालुके तेव्हा परभणीत होते. या कार्यक्रमात शाळेला वर्षाला दोन हजार आणि प्रत्येक शिक्षकाला पाचशे रुपये मिळत. शिक्षकाचे पाचशे रुपये कशासाठी? वर्गात वापरायचे साहित्य स्वतः करण्यासाठी. रक्कम छोटीच, पण ती कुठे खर्चायची हे पहिल्यांदा शिक्षकाने ठरवायचे होते. कार्डशीट, रंग, डिंक, दोरा आला. भिंतींवर आणि दोरीवर शब्दपट्ट्या लटकल्या. केंद्रशाळेत महिन्याचे गटसंमेलन भरू लागले आणि एका गावच्या बाईंनी केलेला तक्ता दुसऱ्या गावचे गुरुजी उतरवून नेऊ लागले.

त्या साहित्यातल्या एका वस्तूविषयी सविस्तर लिहायलाच हवे. दशकाचे गठ्ठे. दुकानातून आणायची गरज नव्हती. शेतात तुराट्या होत्या, ज्वारीचे धांडे होते. मुले बोटभर लांबीच्या काड्या तोडून आणत, दहा-दहांचे गठ्ठे बांधत आणि सायकलच्या जुन्या ट्यूबचे कापलेले रबर त्यांना लावत. आता बेचाळिसातून सतरा वजा करायचे. फळ्यावर हे गणित कितीतरी पिढ्यांनी ‘दोनातून सात जात नाहीत, शेजारून एक उसना घे’ असे म्हणत केले. शेजारी कोण, उसना का, घेतलेला एक दहा कसा होतो, हे कुणी विचारत नसे. काड्यांनी करताना मुलापुढे चार गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या असतात. सात द्यायच्या आहेत, सुट्या दोनच. मूल थोडे थांबते, मग आपणहून एका गठ्ठ्याचे रबर काढते. सुट्या झाल्या बारा. त्यांतून सात गेल्या, उरल्या पाच. तीन गठ्ठ्यांतून एक गेला, उरले दोन. पंचवीस. रबर काढण्याचा जो क्षण आहे तिथे दशमान पद्धत मुलाच्या हाताला कळते. हे ज्याने एकदा केले त्याला पुढे शंभराचा, हजाराचा गठ्ठा डोळ्यांपुढे आणता येतो. आपल्या शाळांनी मोठे प्रकल्प केले, पुरस्कार घेतले. पण तुराटीच्या काड्यांचा हा गठ्ठा मला त्या सर्वांपेक्षा मोलाचा वाटतो, कारण तो पुढच्या प्रत्येक वर्षी, प्रत्येक नव्या पहिलीत पुन्हा बांधला गेला.

भाषेच्या वर्गातही असाच फरक पडला. क-कमळाचा, ख-खटाऱ्याचा हा क्रम सोडून मुलांच्या तोंडच्या शब्दांपासून सुरुवात होऊ लागली. औंढा आणि कळमनुरी तालुक्यांत आंध आदिवासींच्या वस्त्या आहेत, सेनगावकडे आणि कळमनुरीच्या डोंगरपट्ट्यात बंजारा तांडे आहेत. तांड्यावरचे मूल घरी गोरमाटी बोलते. पहिलीच्या पहिल्या दिवशी त्याला पुस्तकातली मराठी नवी असते, बाईंची मराठीही नवी असते. ते गप्प बसते आणि बाहेरून येणाऱ्याला वाटते की याला काही येत नाही. ज्या शिक्षकांनी तांड्यावर जाऊन शंभर-दोनशे शब्द शिकून घेतले, वर्गात ते फळ्यावर मराठीशेजारी लिहिले, त्यांच्या वर्गातली पोरे दिवाळीआधी बोलती झाली. यासाठी परिपत्रक निघाले नव्हते. शिक्षक आपणहून शिकले.

१९९९ ला जिल्हा वेगळा झाला तेव्हा शाळा त्याच राहिल्या, गुरुजी तेच राहिले, बदलला तो शिक्का. पण परभणीच्या फेऱ्या वाचल्या आणि कामाला वेग आला. पाठोपाठ २००० साली शिक्षणसेवक योजना आली. डी.एड. झालेली तरुण मुले-मुली महिना तीन हजारांवर तीन वर्षे काम करू लागली. वाड्या-तांड्यांवर वस्तीशाळा निघाल्या. झोपडीत, शेडमध्ये, कुणाच्या तरी अंगणात गावातलाच शिकलेला पोरगा हजार रुपये मानधनावर वीस-पंचवीस लेकरे गोळा करून बसू लागला. या वस्तीशाळा शिक्षकांनी नियमित नोकरीसाठी २०१४ पर्यंत वाट पाहिली. पाऊस-चिखलात दोन-तीन किलोमीटर चालून मोठ्या शाळेत जाऊच न शकणाऱ्या सहा वर्षांच्या पोरांना त्यांनी अक्षर दाखवले. स्मरणिकेत त्यांच्या कामाला स्वतंत्र पान मिळायला हवे.

जेवणाचे सांगितल्याशिवाय शाळेचा इतिहास पुरा होत नाही. १५ ऑगस्ट १९९५ ला देशभर पोषण आहार योजना सुरू झाली तेव्हा ऐंशी टक्के हजेरी भरणाऱ्या मुलाला महिन्याला तीन किलो तांदूळ घरी नेता येई. तांदूळवाटपाच्या दिवशी पिशव्या घेऊन आलेल्या मुलांनी वर्ग भरे. सर्वोच्च न्यायालयाने २००१ च्या नोव्हेंबरात शिजवलेले अन्न द्या असा आदेश दिला आणि पुढे शाळेच्या आवारात चूल पेटली. खिचडीचा पहिला मोठा परिणाम गुणपत्रिकेत दिसला नाही, दुपारच्या हजेरीत दिसला. आधी मधल्या सुट्टीत घरी गेलेली मुले परतत नसत, आता ती वर्गात राहिली. दुसरा परिणाम पंगतीचा. गावात ज्यांच्या घरचे पाणी एकमेकांना चालत नव्हते त्यांची लेकरे एका ओळीत बसून एकाच पातेल्यातले जेवू लागली. काही ठिकाणी सुरुवातीला कुरकुर झाली. मुलांनीच ती संपवली, कारण त्यांना भूक लागलेली असे. हे अन्न शिजवणाऱ्या गावातल्या बायकांना वर्षानुवर्षे हजार-पंधराशे रुपये महिना मिळत राहिले. त्यांच्यापैकी अनेकींची स्वतःची नातवंडे त्याच पंगतीत असतात.

आपल्या जिल्ह्याचे सर्वांत अवघड गणित आहे स्थलांतराचे. दसरा-दिवाळी झाली की ऊसतोडीला बैलगाड्या, ट्रॅक्टर निघतात, वीटभट्ट्यांवर कुटुंबे जातात. परततात ती पाडव्याच्या पुढे-मागे. म्हणजे शाळेचे दुसरे सत्र जवळपास अख्खे हातचे जाते. पहिलीत ‘अ’पासून वाक्यापर्यंत आलेले मूल फडावरून परत येते तेव्हा पुन्हा ‘अ’शी उभे असते. दुसरीला तेच, तिसरीला तेच. चौथीपर्यंत त्याचा वर्ग वाढतो, वाचन वाढत नाही. यावर हंगामी वसतिगृहाची योजना आली : मूल आजी-आजोबांकडे गावातच ठेवायचे, त्याच्या दोन वेळच्या जेवणाची आणि संध्याकाळच्या अभ्यासाची सोय शाळेने करायची. कागदावर ही सोपी वाटते. प्रत्यक्षात शिक्षकाला ऑक्टोबरात घरोघर जावे लागते. आईला सोबत पोर हवे असते, कारण धाकट्याला सांभाळायला थोरली लागते. बापाला खात्री हवी असते की मागे आजारी पडले तर कोणी पाहील. त्यातून एखादी आई ‘ठेवते गुरुजी, पण तुमच्या भरवशावर’ म्हणते. तिच्या मुलीने मार्चअखेर वर्गात बसून परीक्षा दिली, ही गोष्ट कुठल्याही यशोगाथेत छापली जात नाही. मी संपादकांना सुचवतो की शिष्यवृत्तीधारकांच्या फोटोंच्या पानाशेजारी, नावे न देता का होईना, दरवर्षी गावात राहून शिकलेल्या अशा मुलांचा आकडाही द्यावा.

शिष्यवृत्तीकडेही येऊ. पन्नासच्या दशकात सुरू झालेली ही परीक्षा खेड्यातल्या हुशार पोराला स्वतःची ओळख करून देणारी पहिली परीक्षा होती. चौथीचे गुरुजी सकाळी सातला जादा तास घेत, कंदिलाच्या उजेडात रात्रीचाही वर्ग भरे. २०१६-१७ पासून ती चौथी-सातवीऐवजी पाचवी-आठवीला गेली. त्यात खेड्यांतल्या शाळांचे एक नुकसान झाले ते फारसे कुणी बोलले नाही. आपल्या बहुतेक लहान गावांत शाळा चौथीपर्यंतच आहे. चार वर्षे पाया घालणाऱ्या गुरुजींचे पोर पाचवीला दुसऱ्या गावी जाई आणि यशाच्या पाटीवर नाव त्या शाळेचे लागे. आता ही परीक्षा पुन्हा चौथी-सातवीला नेण्याचा निर्णय झाला आहे आणि तो योग्य आहे.

नवोदयचे आकर्षण वेगळेच. जवाहर नवोदय विद्यालय वसमतला आहे. पाचवीत असताना एकदाच संधी, दोन तासांत ऐंशी प्रश्न, आणि सहावीच्या ऐंशी जागा. त्यांतल्या किमान तीन चतुर्थांश ग्रामीण मुलांना. दहा-अकरा वर्षांचे पोर त्या परीक्षेत लागले की गावात पेढे वाटले जातात आणि आठ दिवसांनी ट्रंक घेऊन ते घराबाहेर पडते. वसमतच्या वसतिगृहातून सात वर्षांनी बाहेर पडलेली मुले इंजिनिअर, डॉक्टर, अधिकारी झाली आहेत. त्यांचा अभिमान बाळगावाच. पण ऐंशी जागांसाठी बसलेली बाकीची मुले नापास नव्हती, हे त्यांना आणि त्यांच्या आई-बापांना सांगण्याची जबाबदारीही शाळेची आहे. निवड न झालेल्या मुलाला बोलावून ‘तुझी चित्रमालिका सगळ्यांत चांगली सुटली होती’ असे सांगणारे शिक्षक मी पाहिले आहेत. शाळा म्हणतात ती हीच.

२२ जून २०१५ ला राज्याने प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र कार्यक्रम काढला. प्रत्येक मूल शिकलेच पाहिजे आणि शिकले की नाही ते पायाभूत चाचणीने तपासले पाहिजे, हा त्याचा गाभा. साताऱ्याच्या कुमठे बीटमधल्या शाळा पाहायला राज्यभरातून शिक्षक स्वखर्चाने गेले, त्यांत आपलेही होते. परत आले ते रंगाचे डबे घेऊन. वर्गाच्या फरशीवर अंकांच्या चौकटी, शब्दांच्या साखळ्या, संख्यारेषा रंगवल्या गेल्या. मुले भिंतीकडे तोंड करून ओळीत बसायची ती फरशीवर गटागटाने पसरली. गावाने वर्गणी काढून टीव्ही, संगणक, पाण्याच्या टाक्या दिल्या. त्या काळात ‘डिजिटल’ या शब्दाचे जरा जास्तच कौतुक झाले असे माझे मत आहे. वीजबिल थकल्यामुळे मीटर कापलेल्या खोलीत टीव्ही काय कामाचा? पण फरशीवरचे रंग मुलांनी पायांनी पुसून काढले, म्हणजे ते वापरले गेले.

वाचन हाच सगळ्याचा कणा. २००५ पासून ‘असर’ची पाहणी खेड्यांत घरोघर जाऊन मुलापुढे दुसरीच्या पातळीचा उतारा ठेवते आणि ‘वाच’ म्हणते. पाचवीतली कितीतरी मुले तिथे अडखळतात, हे वर्षानुवर्षे सर्व महाराष्ट्राला दिसले आणि आपला जिल्हा त्याला अपवाद नाही. त्यामुळे ज्या शाळांनी परिपाठाला सुविचार आणि दिनविशेषासोबत रोज एका मुलाने वर्गाला गोष्ट वाचून दाखवायची, एवढीच रीत घातली त्यांचे काम मोठे. पुस्तके दोरीवर टांगलेली, हात पोहोचेल अशी. फाटली तर फाटू दे, असे सांगणाऱ्या बाई. वसमत तालुक्यातल्या रिढोऱ्याचे कवी इंद्रजित भालेराव यांच्या कविता पाठ्यपुस्तकात आल्या, तेव्हा आपल्या मुलांना पहिल्यांदा कळले की पुस्तकात लिहिणारा माणूस शेजारच्या गावचाही असू शकतो आणि कवितेत आपल्या शेतातले शब्द चालतात. नर्सी हे संत नामदेवांचे जन्मगाव. त्यांचे अभंग परिपाठात म्हणणाऱ्या मुलांना त्यांची पदे पंजाबात गुरुग्रंथसाहिबात वाचली जातात, हे सांगितले की भूगोलाचा नकाशा आपोआप उघडला जातो.

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या. ग्रामीण भागात पाचवी ते आठवीचे वर्ग २७ जानेवारी २०२१ ला उघडले, पहिली ते चौथीचे १ डिसेंबर २०२१ ला. म्हणजे जून २०२० मध्ये पहिलीत नाव घातलेले मूल वर्गात प्रथम बसले ते दुसरी निम्मी संपल्यावर. मोबाइलवर अभ्यास पाठवा म्हटले तर घरात एक फोन, तो बापासोबत शेतात. मग शिक्षक ओट्यावर, झाडाखाली, तांड्याच्या चौकात पाच-पाच पोरांना घेऊन बसले. २०२० च्या डिसेंबरात सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले रणजितसिंह डिसले यांना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. आपल्याच खात्याचा माणूस जगात पहिला आला, म्हणून आपल्याकडेही शिक्षकांनी एकमेकांना पेढे भरवले. ती दीड-पावणेदोन वर्षे ज्या मुलांची गेली ती आज सहावी-सातवीत आहेत. त्यांच्या वाचनातली तेव्हाची खाच अजून पूर्ण भरलेली नाही आणि ती वयाने आपोआप भरेल असे समजणे धोक्याचे आहे.

२१ मार्च २०२४ च्या पहाटे आणि १० जुलै २०२४ च्या सकाळी जिल्हा हादरला. दोन्ही वेळा तीव्रता ४.५ होती. वसमत तालुक्यातल्या पांगरा शिंदे परिसराला तर जमिनीतून येणाऱ्या आवाजांची कित्येक वर्षांपासून सवय झाली आहे. तिथल्या मुलांना भूकंप हा पाठ परीक्षेपुरता नाही. आवाज झाला की दप्तर सोडून मैदानात कसे यायचे, लहानांचा हात कुणी धरायचा, हे त्यांच्या हालचालीत मुरले आहे. अशा गावातल्या जुन्या खोल्यांची पाहणी आणि दुरुस्ती इतर कुठल्याही सुशोभीकरणाच्या आधी व्हायला हवी.

पटाची काळजी आता सर्वांना आहे. हिंगोली-वसमतच्या इंग्रजी शाळांच्या पिवळ्या गाड्या खेड्यापर्यंत येतात आणि वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांचे काय करायचे यावर मुंबईत बैठका होतात. पालकांना दोष देण्यात अर्थ नाही. गणवेश, टाय आणि गाडी यांत त्यांना लेकराचे पुढचे आयुष्य दिसते. पण तांड्यावरची शाळा बंद झाली तर गाडीची फी न परवडणारे मूल कुठे जाईल, हा प्रश्न २००० साली वस्तीशाळा काढताना सोडवला होता. तो पुन्हा नव्याने उभा करू नये.

औंढा नागनाथ तालुक्यातल्या दुधाळ्याजवळ लायगो-इंडियाची गुरुत्वीय लहरी टिपणारी प्रयोगशाळा होत आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये तिला सुमारे २६०० कोटी रुपये मंजूर केले. काटकोनात चार-चार किलोमीटरच्या दोन निर्वात नळ्या आणि त्यांतून जाणारा लेसर. अमेरिकेतल्या अशाच यंत्रांनी १४ सप्टेंबर २०१५ ला दोन कृष्णविवरांच्या मिलनातून आलेली लहर प्रथम टिपली. आजूबाजूच्या गावांतली पोरे आता विचारतात, ‘सर, जमीन हलली तर ते यंत्र फसणार नाही का?’ भूकंपाच्या गावाशेजारी राहणाऱ्या मुलाचा हा प्रश्न शास्त्रज्ञांनाही पडतोच. त्याचे उत्तर वर्गात साध्या साहित्याने शोधता येते. दोरीला दगड टांगायचा, वरचे टोक झपाट्याने हलवायचे आणि खालचा दगड जवळजवळ जागीच राहतो ते पाहायचे. लायगोतले आरसेही टांगलेलेच असतात.

प्रयोगशाळा २०३० च्या सुमारास सुरू व्हावी, अशी अपेक्षा आहे. आज पहिली-दुसरीत असलेले त्या परिसरातले मूल तेव्हा सहावी-सातवीत असेल. उच्च प्राथमिक शाळेत विज्ञान-गणितासाठी स्वतंत्र पदवीधर शिक्षक असावा, अशी तरतूद शिक्षणहक्क कायद्याने २०१० पासूनच केलेली आहे. औंढा, सेनगाव, कळमनुरीच्या डोंगराळ केंद्रांत या पदावर कोणी रुजू झाले तरी पहिल्या बदलीत निघून जाते आणि जागा रिकामी राहते. जिल्हा परिषदेने पुढच्या पंचवीस वर्षांचा आराखडा करताना ही पदे आधी भरावीत, आणि येणाऱ्या शिक्षकाला गावात राहण्याजोगे घर द्यावे.